कणगीच्या तळाशी

पोशीर गावातल्या घरी आता भात परस्पर गिरणीतच जायचं, म्हणून गौराबाईच्या लेकानं, साईनाथनं, भात साठवायची जुनी कणगी अंगणात ओढली आणि मोडायला घेतली. गौराबाई घरातून धावत आली. तो लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा ती ग्रामदेवीला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलली होती. त्यासाठी चोरूनमारून जमवलेले पैसे तिनं कणगीच्या शेणलेपात दडवले होते.

"थांब रं, मी काढते!" म्हणत तिनं विळ्यानं लेप खरवडला. पुरचुंडी निघाली. आत जुन्या पाचशेच्या नोटा!

सून समिधा हळूच म्हणाली, "आत्या, या तर कवाच बंद झाल्या गं."

गौराबाईनं नोटा उलटसुलट करून पाहिल्या. आता देवीला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात साईनाथनं कणगी आडवी पाडली. तळाचा लेप फुटला आणि खळखळ करत राणीछाप रुपये अंगणभर पळाले.

"आये, हे पन तुजेच?"

"नाय रं, तुज्या आजीचे!" भाताच्या मुठीमुठीचा हिशेब मागणारी सासू! गौराबाईला हसू आवरेना. तिनं आभाळाकडं हात जोडले. "आत्याबाई, तुमी पन?"

समिधानं एक रुपया दगडावर वाजवला. "आत्या, चांदी हाय चांदी!"

गौराबाईनं दोन रुपये उचलून कपाळाला लावले. "साईनाथ, गाडी काढ रं! नेरळचा सोनार दुकान बंद करायच्या आत गाठायचाय!"