उघड्या तोट्या

“नळ नाई बाप्पा, पंखा हाय तो,” रुख्मिणी मागच्या सीटवरून पुटपुटली. “तोटी खोलली का हवा येते नुसती. उन्हाळ्यात बरी वाटते.”

शेलूबाजारहून बोरमळीला जाणाऱ्या जीपमध्ये पुटपुटणं कुणाचं खासगी राहत नाही. जिजाबाईच्या मानेला तर रुख्मिणीचा श्वास लागत होता. तिनं मांडीवरची रिकामी टोपली उगाच सारखी केली आणि समोरच्या काचेतून रस्ता असा निरखला, जणू आज पहिल्यांदाच पाहते आहे. रुख्मिणीला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांना कळलं आहे हे तिलाही.

बोरमळी म्हणजे दोन गल्ल्या. वरची माळ्यांची, पाण्याच्या टाकीला लागून. खालची बौद्धांची, नाल्याच्या अंगाला. टाकीतून निघालेला पाइप एकच, आधी वरच्या गल्लीतून जातो, मग खालच्या. दोन वर्षांमागं गावात घरोघर नळ बसले, तेव्हा वेशीवर मोठी पाटी लागली. तिच्यावर दोन चिन्हं शेजारी शेजारी होती, एक दिल्लीच्या सरकारचं, दुसरं परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचं. जगातल्या सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय म्हणे, की दोन हजार तीसपर्यंत प्रत्येक माणसाला स्वच्छ पाणी मिळालं पाहिजे. जिजाबाईला ते ऐकून तेव्हा गंमतही वाटली होती आणि आत कुठंतरी भरूनही आलं होतं. एवढ्या मोठ्या लोकांनी, एवढ्या लांब बसून, बोरमळीच्या नाल्याकाठच्या घरांचा विचार केला. गावातल्यांना तर तो सुचला नव्हता.

पाणी सकाळी आठ ते नऊ सुटायचं. घरामागच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या वाफ्यांना तेवढं पुरत नाही, म्हणून जिजाबाईनं त्याच उन्हाळ्यात नळाला पाणी ओढणारी टिल्लू मोटार लावली. विहिरीनं तळ दाखवला होता, वाफे करपत होते. त्यात काही चोरीमारी आहे असं तिला तेव्हा वाटलंही नाही. चारच दिवसांत शेजारच्या उज्ज्वलाच्या नळाची धार बारीक झाली, म्हणून तिनंही मोटार आणली. उज्ज्वलामुळं तिच्या शेजारणीनं. असं करत करत गल्लीच्या टोकापर्यंत मोटारी गेल्या आणि पाइपातलं पाणी तिथंच संपलं. पुढं पाऊस आला, विहीर भरली, मोटार मात्र निघाली नाही. आयत्या पाण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. प्रत्येक मोटारीवर एक पालथं घमेलं असायचं. ते का असतं, हे पाहुण्यांनासुद्धा कुणी विचारू दिलं नव्हतं.

आठ ते नऊच्या दरम्यान लाईट गेली, तरच खाली पाणी यायचं. म्हणून खालच्या गल्लीत तोट्या कुणी बंदच करत नसे. तोटीखाली एक भांडं ठेवायचं, तोटी उघडी सोडायची आणि कामाला निघून जायचं. नशिबानं लाईट गेली तर संध्याकाळी भांडं भरलेलं सापडायचं. “आज लाईट गेली, पानी आलं,” असं खालच्या बाया बोलायच्या. वरच्या बाया “हाव का?” म्हणायच्या आणि मिरच्यांचे देठ मोडत राहायच्या.

जीपमधून परतल्या त्या दिवशी दुपारी सरपंच गजेंद्रनं वरच्या गल्लीतल्या लोकांना पारावर बोलावलं. गुरुवारी तपासणीला लोक येणार होते, दिल्लीचे साहेब आणि त्या संस्थेच्या मॅडम, दोघं मिळून. सरकारच्या कागदावर नळ मोजायचे होते, संस्थेच्या कागदावर पाणी. दोन्ही जुळले की बोरमळी शंभर टक्के जाहीर होणार, आणि मागास म्हणून नाव पडलेला जिल्हा क्रमवारीत एक पायरी वर सरकणार. गजेंद्र बराच वेळ बोलला, पण मोटार हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

शेवटी म्हणाला, “गुरुवारी सकाळी ज्यानं त्यानं आपापलं सांभाळून घ्या. समजदारायले काय सांगाव?”

सगळ्यांनी माना हलवल्या. जिजाबाईचा नवरा उत्तमराव तर घरी येईपर्यंत मान हलवत होता. खालच्या गल्लीला मात्र काहीच सांगायचं नव्हतं. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

बुधवारी उतरत्या उन्हात रत्नमाला आली. खालच्या गल्लीतल्या रुख्मिणीची ही सून बारावी शिकलेली होती. पाणी समितीवर तिला घेतलं होतं आणि काचेच्या नळ्यांमध्ये थेंब टाकून पाणी तपासायचं शिक्षणही दिलं होतं. नमुना घ्यायला ती नेहमी जिजाबाईकडेच यायची, कारण स्वतःच्या नळाला तपासण्याइतकंही पाणी नसायचं. दोघी एकाच बचत गटातल्या. रत्नमालाच्या बाळंतपणात दवाखान्यात रात्रभर बसली होती ती जिजाबाईच.

रत्नमालानं नळी भरली, उजेडात धरली, खाली ठेवली. मग पिशवीतून कागद काढला. प्रत्येक घरी नियमित पाणी येतं, असं त्यावर छापलं होतं आणि खाली तिच्या सहीची जागा होती. तिनं सगळं सरळ सांगितलं. संस्थेकडे खालच्या गल्लीसाठी टाकीपासून वेगळा पाइप टाकायचा प्रस्ताव आहे. पण तो पैसा योजना अपुरी राहिलेल्या गावांसाठी असतो. तिनं सही केली की गाव पुरं झालं आणि प्रस्ताव संपला, पुन्हा कुणी येणार नाही. सही नाही केली तर गजेंद्र म्हणतो, गावाचं नाव तुझ्यामुळं गेलं.

“काय करू, काकू?” तिनं विचारलं.

खरं उत्तर घमेल्याखाली होतं, दोघींपासून चार हातांवर. रत्नमालाची नजर तिकडं गेली आणि वाफ्यावरून फिरून परत आली. जिजाबाई उठली, वाफ्यात वाकली आणि सांबाराच्या दोन चांगल्या भरल्या जुड्या उपटून तिच्या पिशवीत घातल्या.

“घेऊन जाय,” ती म्हणाली. “ताजा हाय.”

रत्नमालानं जुड्यांकडे पाहिलं, हसली आणि गेली. ते हसणं जिजाबाईला रात्री जेवताना घासागणिक आठवत राहिलं.

गुरुवारी वरच्या गल्लीतली एकही मोटार चालू झाली नाही. घमेली जागच्या जागी होती, फक्त त्यांच्याखालून आवाज येत नव्हता. सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलं. पोरींनी स्वागताचं गाणं म्हटलं, शाल-नारळ झालं. दिल्लीचे साहेब चांगले होते, लवकर बोलून लवकर बसले. मॅडम आफ्रिकेतल्या, नैरोबीच्या. उंच, काळ्यासावळ्या, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या. त्यांचं बोलणं जिल्ह्याच्या ऑफिसातली तनुजा मराठीत सांगत होती. मॅडमनी सांगितलं, लहानपणी त्याही डोक्यावर पाणी आणायच्या. बायांमध्ये एकदम कुजबुज झाली. परदेशात नळ नसतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

भाषणं चालली तेवढा वेळ, आठपासून नऊपर्यंत, पाणी पाइपातून विनाअडथळा खाली वाहत गेलं. खालच्या गल्लीत सगळ्या तोट्या उघड्या आणि घरं कुलूपबंद. ज्या तोटीनं महिनोन्महिने हवा सोडली होती, तिनं त्या एका तासात मागचं सगळं देणं चुकवलं. भांडी भरली, वाहिली, ओसऱ्या भरल्या. तपासणीची मंडळी खालच्या गल्लीत शिरली, तेव्हा रस्त्यातून पाण्याचा ओहोळ वाहत होता आणि त्यात दोन बदकं पोहत होती. ही बदकं कुणाची, हे गावात आजवर कळलेलं नाही.

सगळ्यांत वाईट रुख्मिणीच्या घरी झालं होतं. नळ घरातच हवा, चुलीपाशी, असा हट्ट धरून तिनं तो आत बसवून घेतला होता. कुलूप उघडलं तर घरात घोट्याइतकं पाणी, तुरीचं पोतं खालून भिजलेलं, अंथरुणाची वळकटी तरंगायला आलेली. म्हातारीनं लुगडं खोचलं आणि खराट्यानं पाणी बाहेर लोटायला लागली. कुणाकडे तिनं पाहिलं नाही.

साहेब खूश दिसले. पाणी तर भरपूर आहे, म्हणाले. मॅडम मात्र वाकून तोटीकडे पाहत होत्या. मग त्यांनी तनुजाला काही विचारलं. तनुजा म्हणाली, “मॅडम विचारतात, घरोघरी तोट्या उघड्या का होत्या? पाणी रोज येतं, तर बंद का केल्या नाहीत?”

प्रश्न साधा होता, पण बोरमळीत तेवढा साधा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. उज्ज्वला पदर चाचपायला लागली. उत्तमराव आभाळाकडे पाहू लागला. गजेंद्र घाईनं म्हणाला, की कार्यक्रमाच्या गडबडीत राहून गेलं, आणि खालच्या लोकांना अजून पाण्याची किंमत तेवढी कळत नाही, समजावून सांगावं लागेल. साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. पाण्याच्या काटकसरीवर या गल्लीत एक जागृती शिबिर ठेवा, म्हणाले.

जिजाबाईनं रत्नमालाकडे पाहिलं. तिच्या हातात तो कागद होता आणि पेनाचं टोपण उघडं होतं. तिनं बोलून उपयोग नव्हता, हे सगळ्यांत जास्त जिजाबाईला ठाऊक होतं. खालच्या गल्लीनं तक्रार केली असती, तर ती तक्रार झाली असती, आणि तक्रारीला गजेंद्रकडे उत्तर होतंच.

तेवढ्यात रुख्मिणीनं खराटा भिंतीला टेकवला, ओले हात जोडले आणि साहेबांना म्हणाली, “चुकी झाली, साहेब. आमीच तोट्या बंद केल्या नाई. पुढं ध्यान ठिऊ.”

ते जोडलेले हात जिजाबाईला बघवेनात. ती माणसांतून वाट काढत पुढे आली. मागून उत्तमरावानं “अवं” म्हटलेलं तिला ऐकू आलं. घरामागचे हिरवे वाफे, उज्ज्वला, अख्खी वरची गल्ली, उद्यापासून कोण बोलेल नि कोण नाही, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं रुख्मिणीचे जोडलेले हात धरून खाली केले.

“तिची काहून चुकी?” ती म्हणाली. “तनुजा, मी बोलतो ते तसंच्या तसं सांग या बाईले. अथी रोज पानी येतच नाई. आमी वरच्या गल्लीतले मोटारी लावतो अन् सगळं ओढून घेतो. आज पाहुणे येनार म्हनून बंद ठेवल्या, म्हनून हे पानी आलं. पयली मोटार म्या लावली. रत्नमाला, तू सही करू नोको.”