कालचे पेढे

लोणारला नवी लाल यष्टी येऊ लागली तेव्हाची गोष्ट. थांब्यावर पेढ्यांच्या दोन टोपल्या असत, पण प्रवासी धावत ते रुक्मिणीबाईकडेच. शेजारची वच्छलाबाई माशा वारायची आणि तापल्या खापरातल्या लाहीसारखी आतल्या आत तडतडायची. 'या सटवीच्या हाताले का अमृत लागलं?'

काल गाडीच आली नव्हती. आज रुक्मिणीबाई उरलेले पेढे पिठीसाखरेत घोळवून पुन्हा मांडत होती. वैशाखाच्या उन्हात आंबल्या खव्याचा वास आला, आणि वच्छलाबाईचं मन लग्नघरासारखं हरखलं. खाऊ दे लोकांले! बसू दे तिच्या नावानं बोंबलत!

मेहकरची गाडी आली. एका लेकुरवाळीनं पेढा मोडून कडेवरच्या पोराच्या ओठाशी नेला.

"नको देऊ, माय! शिळा हाय तो!" वच्छलाबाईच्या तोंडून निघूनच गेलं.

कंडक्टर हसला. "काऊन जळून राह्यल्या, वच्छलाबाई?"

सगळी गाडी हसली. लेकुरवाळीचा हात पुन्हा पोराकडे वळला.

"हाव, जळतो मी!" वच्छलाबाई कळवळून ओरडली. "हिच्यासारखा पेढा मले साता जन्मात जमायचा नाही. ताजा असला का मीच लपून आणवतो. पण हा कालचा हाय, बाई!"

हसू विरलं. लेकुरवाळीनं पेढा हुंगला आणि फेकून दिला.

गाडी गेल्यावर रुक्मिणीबाईनं खालमानेनं विचारलं, "खरंच आणवत होतीस वं?"

"एकदा सांगतलं तेवढं बस झालं, सटवे," वच्छलाबाई म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.