छपरासाठी दिलेला अंगठा

तडा गेलेला एक जुना टॅब आहे मी, मित्रांनो. सध्या कपाटाच्या वरच्या खणात बंद पडून असतो. तरी माझी कहाणी ऐका, कारण मी जे पाहिलं ते कोणत्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला जग कळलं ते दातांच्या दवाखान्यात. तिथे दारापाशी टेबलावर बसणाऱ्या बाई माझ्यावर रुग्णांच्या सह्या घेत. साधी दाढ काढायची असली तरी त्या ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवत. घाईत असलेल्या एखाद्या बापाला म्हणत, "अहो, लेकराचा दात आहे. आधी ऐका, मग सही करा." डॉक्टर त्यांचं कौतुक करत आणि मलाच उगाच अभिमान वाटे.

पुढे दवाखान्यात नवा टॅब आला आणि बाई मला घरी घेऊन आल्या. त्यांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ! पण माझ्यावरच्या घरं बांधायच्या खेळाने तिला खिळवून ठेवलं. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत घरात ती एकटीच असायची, तेव्हा मीच तिचा सोबती.

तो खेळ मधूनमधून पालकांची परवानगी मागे. मग भिंगरी मला घेऊन ओट्याशी धावे.

"आई, अंगठा दे ना."

"आता कशाला गं?"

"घराला छप्पर घालायचंय!"

आई हसे, ओला अंगठा टॉवेलला पुसे आणि न बघताच माझ्यावर टेकवी. माझ्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: मुलीचा आवाज ऐकू, फोटो पाहू, ती कुठे राहते ते खेळातल्या सोबत्यांना दाखवू. दवाखान्यात दुसऱ्यांना थांबवून वाचायला लावणारी ही बाई घरी मात्र अगदी अंगठाबहाद्दर झाली होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

भिंगरीने खेळात स्वतःचंच घर उभारलं. तोच जिना, तेच दार, दाराबाहेरचा तोच चपलांचा कप्पा. ते बघायला एक सोबती रोज येऊ लागला. त्याने नाव घेतलं होतं घुबडदादा. बोलणं मोठं मधाळ. आधी भिंगरीने खिडक्यांना लावलेल्या पडद्यांची तारीफ करी, आणि एक दिवस हळूच म्हणाला, "तुमची किल्ली कुठे असते गं?" भिंगरीने खेळातल्या कप्प्यात एक जुना बूट ठेवला आणि त्यात किल्ली टाकली. खऱ्या घरीही किल्ली तिथेच असे. मला फार भीती वाटली, मित्रांनो.

एका संध्याकाळी आई सहज लेकीच्या खांद्यावरून डोकावली. "अगं, हे तर आपलंच घर! आणि दारात हा कोण उभा आहे?"

"घुबडदादा. शनिवारी खरं घर बघायला येणार आहे. तू दवाखान्यात असतेस ना, त्याला माहितेय."

आईने खेळ तिथेच थांबवला. मग तिने मला हातात घेऊन एकेक परवानगी मोठ्याने वाचली. सगळ्या बंद केल्या. खेळाच्या कंपनीला खरमरीत शब्दांत जाब विचारला. उलट उत्तर आलं, "सर्व माहिती पालकांच्या संमतीनेच घेतली आहे." तिने पोलिसांत तक्रार दिली आणि दाराचं कुलूप बदललं.

शनिवारी ती कामावर गेली नाही. भिंगरीच्या मामालाही तिने बोलावून घेतलं होतं. दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. भिंगरी आईला घट्ट बिलगली. बाहेर काहीतरी खुडबुडलं. मामा दाराकडे धावला, तशी पावलं धडाधड खाली उतरली. तो रस्त्यापर्यंत गेला, पण कोणी हाती लागलं नाही. कप्प्यातला जुना बूट मात्र जमिनीवर पालथा पडला होता.

मित्रांनो, आईबाबांकडे अंगठा मागायला जाल तेव्हा जरा थांबा. त्यांना म्हणा, "हातातलं काम होऊ दे, मग आपण दोघं वाचू." आणि आईबाबांनो, लेकरू घाई करतंय म्हणून तुम्ही घाई करू नका. छप्पर उद्या घातलं तरी चालतं.

तो माणूस अजून सापडलेला नाही. भिंगरीचा आवाज, तिचा चेहरा आणि घराचा जिना त्याला पाठ आहेत, आणि यातलं काहीच मला परत आणता येत नाही.