राघोबांच्या चित्राची चावी

मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे, मित्रांनो. अंगाने काळा, स्वभावाने जरा तापट. ठाणाकुशनूरला राघोबा आणि भागाबाई यांच्या घरी मी आलो, तेव्हा टीव्हीशेजारी मला मानाची जागा मिळाली. दसऱ्याला ट्रॅक्टरबरोबर मलाही हळदीकुंकू लागायचं.

एकदा शेतीच्या कार्यक्रमात राघोबा तुरीविषयी बोलले. त्यांच्या मुलाने, श्रीहरीने, मला पेनड्राइव्ह लावला आणि मी तो कार्यक्रम साठवला. माझी साठवायची रीत निराळी. सगळ्याला कुलूप लावायचं बळ माझ्यात नाही. म्हणून चित्राचे मोजकेच तुकडे मी बंद करतो, आवाज मोकळा सोडतो. पण बाकीचं चित्र त्या तुकड्यांच्याच आधाराने उभं राहतं, आणि त्यांची चावी फक्त माझ्या पोटात असते. याचा मला फार अभिमान होता.

पुढे राघोबा वारले. भागाबाई रोज दुपारी भाकरी झाकून ठेवायच्या आणि पडद्यावर त्यांना बघत बसायच्या. मीही त्या वेळेची वाट पाहायचो. मग मी अडखळू लागलो. श्रीहरीने मला कमलनगरच्या गुरुपादय्यांच्या टीव्हीच्या दुकानात देऊन नवा बॉक्स नेला आणि पेनड्राइव्ह त्याला लावला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे एकही निभावला नाही.

दुसऱ्याच दिवशी भागाबाई जीपने दुकानात आल्या. मी परत आलेल्या जुन्या पेट्यांच्या ढिगात पडून ऐकत होतो.

"मालक बोलायलेत, पन दिसंना झालेत," त्या म्हणाल्या. "पडद्यावर नुसते हिरवे चौकोन. कामून?"

"अक्का, चावी जुन्या पेटीत हाय," गुरुपादय्या म्हणाले. "पन ह्या ढिगातली तुमची कोणती, कसं वळखायचं?"

भागाबाई खाली बसल्या. एकेक पेटी उलटून पाहू लागल्या. माझ्या अंगावरचा कुंकवाचा डाग दिसताच त्यांनी मला मांडीवर घेतलं. मला फार भरून आलं, पण आम्हाला रडायची सोय नाही.

गुरुपादय्यांनी मला पुन्हा चालू करून घेतलं आणि भागाबाईंनी आणलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर राघोबा आले, आणि भागाबाईंनी भर दुकानात डोक्यावरचा पदर नीट केला.

"किती दिस चालंल ही?"

"सांगता येत न्हाई, अक्का."

मित्रांनो, आपलं माणूस साठवून ठेवाल, तेव्हा त्याची चावी कोणापाशी राहते तेवढं विचारा. जुनी वस्तू देऊन टाकण्याआधी घरातल्या थोरांनाही विचारा. मी आता ठाणाकुशनूरला परत आलो आहे. रोज दुपारी तापतो, अडखळतो. राघोबा बोलता बोलता मध्येच थांबतात. श्रीहरी मला हलवायला उठतो, तेव्हा भागाबाई म्हणतात, "ऱ्हाऊ दे. दमले असतील. बसू दे जरा."