उतरंडीतले कायदे

"जो जिंकल, त्यानं एक कायदा बदलवाचा." लहानपणच्या नसीमचा हा आवाज गुणाबाईच्या कानात चाळीस वर्षं मोहाच्या फुलांच्या वासासारखा रेंगाळत होता.

सावली गावातल्या याच अंगणात दोघी मोहाच्या बिया उडवून खेळायच्या, आणि दर डावाला खेळच बदलायचा. लग्नानंतर नसीम कितीदा माहेरी आली, पण बिया हातात धरल्या नाहीत. आज नातींना खेळ शिकायचा होता, म्हणून दोघी कायदे लावायला बसल्या. गुणाबाईने चिठ्ठ्या लिहिल्या आणि मडक्यांची उतरंड मांडली. वरच्या मडक्यातला कायदा जिंकणारीने एकटीने बदलावा. तळच्या मडक्यातला सगळ्यांचे हात लागल्याशिवाय हलू नये.

ऊन भाताच्या तणसावर झोपलं होतं. नसीम स्वप्नातल्यासारखी हळू वाचत होती.

"डावखुरीले एक बी जास्त."

"वर टाक."

"बिया लपवाच्या नाई."

"एकदम तळाशी. तूच लपवत होतीस."

नसीम हसली. पुढची चिठ्ठी मात्र तिच्या बोटांतच राहिली. "गाव सोडल, ते खेळातून बाद." नसीमच्या निकाहाच्या आदल्या दिवशी, शेवटचा डाव जिंकून गुणाबाईने केलेला कायदा.

"हा कुठी ठेवू, गुणा? मले वाटे, तुले मी नकोशी झाली."

गुणाबाईने चिठ्ठी काढून घेतली आणि कुठल्याच मडक्यात टाकली नाही.

"तू जाऊ नये म्हणून केलता," ती म्हणाली. "तुयाशिवाय मले करमणार नाई, हे सांगाची लाज वाटली."