गुणगुणणं पुसलेली तबकडी

मित्रांनो, मी एक काळी तबकडी. बेंगळुरूच्या राजाजीनगरात हयवदन अण्णांच्या कपाटात राहते. माझ्या पोटात जॅझची एक अख्खी संध्याकाळ आहे. पियानो, सॅक्सोफोन, माणसाहून उंच लाकडी बास आणि ड्रम असे चौघे त्या दिवशी एका छोट्या सभागृहात, लाउडस्पीकर न लावता, श्रोत्यांपुढे वाजवायला बसले होते. ड्रमवर अण्णा, चौघांचे म्होरकेही तेच.

बास वाजवायचे दयानंद. त्यांना एक खोड होती. रंगात आले की बोटांबरोबर तोंडानेही गुणगुणायचे. आवाज भसाडा, पण सूर पक्का. त्या गुणगुणण्याकडे कान लावूनच अण्णा ड्रमवर काड्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवायचे. पण मला घडवायची वेळ आली आणि अण्णांच्या डोक्यात स्वच्छतेचं खूळ शिरलं. लोक हसतील म्हणून त्यांनी संगणकावर ते गुणगुणणं पार पुसून घेतलं. दयानंद हसून नुसतं ‘सरी, अण्णा’, म्हणजे ‘बरं, अण्णा’, एवढंच म्हणाले. वाईट वाटलं असणारच हो.

मग काय विचारता माझा तोरा! एचएसआर लेआउटमधली तरुण पोरं माझ्या बहिणींना हौसेने घरी घेऊन गेली. आवाज किती स्वच्छ, असं जो तो म्हणे. मूळ ध्वनिमुद्रणाची आता गरज काय, म्हणून तेही पुसलं गेलं. हळूहळू मला कुणी वाजवेनासं झालं.

गेल्या वर्षी दयानंद अचानक गेले. महिन्याभराने त्यांची बायको नयना आली. फोनमध्ये त्यांचं बोलणं होतं, पण गुणगुणणं कुणीच साठवलं नव्हतं. ते तेवढं ऐकायचं होतं तिला.

अण्णांनी मला लावलं. बास सुरू झाला. नयना पुढे सरकून बसली.

“अण्णा, स्वल्प मोठं करा ना.”

त्यांनी आवाज वाढवला. तेवढ्यात माझ्यातल्या श्रोत्यांत कुणीतरी खोकलं. गुणगुणणं काही येईना.

“ते नाही त्यात, अक्का,” अण्णा म्हणाले. “मीच काढायला लावलं.”

नयनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“परक्याचा खोकला ठेवलात, अण्णा. ह्यांचंच तेवढं नको झालं?”

अण्णांनी आवाज पुन्हा कमी केला. मला तर फिरायचंही थांबता येईना.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, जरूर पुसा. आपल्या माणसाचा आवाज मात्र पुसू नका. तो मला कितीही फिरवलंत तरी परत येत नाही.