भाजलेली खुर्ची

भट्टीवाल्याच्या साडूला एक खोड होती. तो स्वतःला 'मी' म्हणत नसे, 'आम्ही' म्हणे. शब्द ऐकायला ऐसपैस. पण त्या 'आम्ही'त साडूशिवाय कुणालाही जागा नव्हती.

भट्टीवाल्याचा धंदा लाकूड भाजायचा. बंद पोलादी भट्टीत फळ्या रचायच्या, आत वाफ सोडत राहायची, म्हणजे लाकूड पेटत नाही, नुसतं भाजतं. त्यातला गोडवा निघून जातो आणि किड्यांच्या तोंडचा घास जातो. बाहेर येतं ते कॉफीच्या रंगाचं, पाण्याने न फुगणारं लाकूड. साध्या फळीकडे ढुंकून न पाहणारी गिऱ्हाइकं त्यासाठी ताटकळतात. हे जमेपर्यंत भट्टीवाल्याने बऱ्याच चांगल्या लाकडाचा कोळसा केला होता. साडू हे भाजलेलं लाकूड आपल्या दुकानात विकायचा.

सासऱ्यांच्या न्हाणीघराचं दार सारखं फुगायचं. भट्टीवाल्याने तिथे भाजलेल्या लाकडाचं दार बसवलं. फुगणं थांबलं. भरल्या घरात सासऱ्यांनी त्या दारावर बोटांनी टकटक केली आणि विचारलं, "डोकं कुणाचं हे?"

"आम्ही शोधून काढलं, बाबा," साडू म्हणाला. "हा आमच्या हाताखाली भट्टी बघतो."

भट्टीवाल्याच्या तोंडात तेव्हा घास होता. तो गिळेपर्यंत विषय बदलला.

त्या दिवसापासून तो साडूला पाण्यात पाहू लागला. त्याचा रागही भाजलेल्या लाकडासारखाच निघाला. कुजेना, आणि कीडही लागेना.

"सोडून द्या ना," बायको म्हणे.

"सोडलंय."

"मग झोपेत दात कुणावर खाता?"

साडूचं दुकान बुडावं, असं काही त्याला वाटत नव्हतं. त्याच माणसांसमोर, त्याच तोंडून 'ह्याने केलं' एवढंच त्याला ऐकायचं होतं. आणि ऐकताना साडूला जरा लागलं, तर हरकत नव्हती.

संधी साडूच घेऊन आला.

"बाबांना अंगणात कायम ठेवायला खुर्ची हवीय. आम्ही कबूल केलंय. वरपासून खालपर्यंत भाजलेली. पायसुद्धा."

"दादा, पायांचं जरा..." भट्टीवाला म्हणाला. भाजलेलं लाकूड टिकतं खरं, पण ठिसूळ होतं. दाराला उत्तम, माणसाचं ओझं पेलायला नाही. हे तो खरोखरच सांगणार होता.

"तोंडाची वाफ दवडू नकोस. सांगतो तेवढं कर."

भट्टीवाल्याने तोंड मिटलं. वाफेची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक?

त्याने पाठ आणि बैठक एकदा भाजली. पाय दोनदा भाजले. दुसऱ्या खेपेला तो भट्टीसमोर बसून शीळ घालत होता. मग त्याने हुबेहूब तशीच आणखी एक खुर्ची केली. तिचे पाय मात्र कच्च्या लाकडाचे ठेवले, वरून तोच रंग चढवला. सासऱ्यांवर त्याचा राग नव्हता.

अंगणात सगळं घर जमलं. सासरे टेकणार तोच भट्टीवाला आडवा आला.

"थांबा, बाबा. ज्यांनी शोधून काढलं, पहिला मान त्यांचा."

साडूने आजवर कुठलाच मान नाकारला नव्हता. "आम्ही बसतो," म्हणत तो बसला. शब्दाप्रमाणे वजनानेही तो अनेकवचनी होता.

बिस्किट मोडावं तसा आवाज आला. साडू जमिनीवर, त्याचे पाय आभाळाकडे, आणि खुर्चीचे पाय जिकडेतिकडे.

"हे काय करून ठेवलंत?" सासरे म्हणाले.

"आम्ही नाही, बाबा. ह्याने. ह्यानेच केलंय सगळं."

"सगळं म्हणजे?"

"भट्टी ह्याची, भाजणं ह्याचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसता विकतो."

'मी' ऐकून मेहुणीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तिने हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला असावा.

"मग न्हाणीघराचं दार?"

"तेही ह्याचंच," कंबर चोळत साडू म्हणाला.

भट्टीवाल्याने ते शब्द सावकाश चघळले. या खेपेला तोंडात दुसरा घास नव्हता. मग त्याने टेम्पोतून दुसरी खुर्ची उतरवली.

"बसा, बाबा. हिचे पाय भाजलेले नाहीत. भाजले की मोडतात."

सासऱ्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"सांगत होतो. दादा म्हणाले, वाफ दवडू नकोस."

"म्हणून गप्प बसलास. आणि दुसरी करून टेम्पोत ठेवलीस."

भट्टीवाला खुर्चीची पाठ पुसू लागला. बायकोने कपाळाला हात लावला.

"आधी तू बस," सासरे म्हणाले.

तो बसला. साडू जमिनीवरूनच मोठ्या आशेने खुर्चीच्या पायांकडे बघत होता. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

तेव्हापासून सासरी भाजलेल्या लाकडाचं श्रेय चुकूनही दुसऱ्याला जात नाही. स्टूल येवो की बाकडं, मंडळी आदराने बाजूला होतात आणि पहिल्यांदा भट्टीवाल्याला बसवतात. परवा त्याने कोट टांगायची खुंटी नेली.

सासऱ्यांनी ती भिंतीवर ठोकून घेतली, खाली उभं राहून नीट निरखली आणि ते म्हणाले, "आधी तू लटक."